निनाद कुठे अडला

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा शाळेचा निरोप आला, तेव्हा आम्ही बराच विचार केला. शाळेने आम्हांला काय दिले हे या अंकात अनेकजण आमच्याहून चांगल्या शब्दांत सांगतील. आम्ही एका बिघडलेल्या यंत्राची हकिगत सांगणार आहोत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. ही हकिगत त्याच्या दोन-तीन वर्षे आधीची आहे. यंत्र म्हणजे संगीताच्या खोलीतला काळ्या रेक्झिनचा, कोपरे खरचटलेला अ‍ॅम्प्लिफायर. जुन्या विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. हकिगत यंत्राची असली, तरी तिच्यात एका सोबत्यावर आम्ही केलेला अन्याय गुंतलेला आहे, आणि तो आजवर आम्ही कोठेही बोलून दाखवलेला नाही.

आम्ही म्हणजे त्या वर्षी शाळेच्या वाद्यवृंदाची जबाबदारी सांभाळणारी चार मुले. हार्मोनियम, ढोलकी, बासरी आणि सरांची हवाईयन गिटार एवढाच आमचा वाद्यवृंद. शाळेच्या उत्तरेला सातपुड्याची रांग, समोरून अक्कलकुव्याहून गुजरातकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावरच्या मालमोटारींच्या आवाजात आमचा संध्याकाळचा सराव. खापरसारख्या गावात हवाईयन गिटार कशी आली, असे पाहुणे विचारीत. संगीताचे सर तरुणपणी मुंबईत होते. तेथे व्हॅन शिपली आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्या ऐकून ते या वाद्याच्या नादी लागले, आणि शिक्षक म्हणून इकडे आले तेव्हा गिटार व अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बरोबर घेऊन आले. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन एका कारागिराकडून जोडून घेतला होता.

या वाद्याची एक गोष्ट सर आम्हांला वारंवार सांगत, कारण ती वसतिगृहातल्या मुलांच्या कामाची होती. हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरात मुलांची एक निवासी शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे शिकणाऱ्या जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने गिटार आडवी धरून तिच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून पाहिला, आणि त्यातून स्वर न तुटता एका जागेहून दुसऱ्या जागी घसरत नेण्याची रीत निघाली. त्यासाठी लागणारी गुळगुळीत दांडी त्याने शाळेच्या कार्यशाळेतच घडवली असे सांगतात. पुढे १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विजेवर चालणारी गिटार पहिल्यांदा बाजारात आली, तीही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती. आपल्याकडच्या गाण्यात मींड असल्यामुळे हे परदेशी वाद्य येथे परके राहिले नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागसंगीत वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या जोडीला त्यांची गिटार आहे. “निवासी शाळेतल्या मुलाने काढलेले वाद्य निवासी शाळेत वाजलेच पाहिजे,” असे सर म्हणत आणि स्वतःच हसत.

सरांच्या अ‍ॅम्प्लिफायरला एक बटण जास्त होते. त्याच्या खाली कारागिराने पांढऱ्या रंगाने ‘रिव्हर्ब’ असे लिहिले होते. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला निनाद म्हटले आहे, तोच हा. प्रतिध्वनी आणि निनाद यांतला फरक आमच्यातल्या डोंगरातल्या मुलांना पुस्तकाआधीच ठाऊक होता. दरीच्या काठावर उभे राहून हाक मारली की पलीकडच्या कड्यावरून ती वेगळी ऐकू येते, तो प्रतिध्वनी. त्यासाठी आवाज परतायला किमान एक दशांश सेकंद लागला पाहिजे, म्हणजे समोरचा अडथळा सुमारे १७ मीटर किंवा त्याहून दूर असला पाहिजे. मोठ्या रिकाम्या सभागृहात मात्र भिंती, छत आणि फरशी यांवरून आवाज इतक्या लवकर आणि इतक्या वेळा परततो की ते परतलेले आवाज एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. मूळ स्वर थांबल्यावरही काही काळ तो हवेत रेंगाळतो. तो निनाद.

स्टील गिटारला या रेंगाळण्याची फार गरज असते. तिच्यात पडदे दाबून स्वर तोडायचा नसतो. दांडी सरकत राहते आणि स्वर मागून ओढला जातो. उघड्या मैदानात, जेथे आवाज परत यायला भिंतच नाही, तेथे हाच स्वर कोरडा आणि उघडा पडल्यासारखा वाटतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या तळाशी पत्र्याची एक चपटी, सुमारे दीड फूट लांब पेटी बसवलेली असते. तिच्यात दोन बारीक स्प्रिंगा ताणून लावलेल्या असतात. गिटारच्या आवाजाचा एक वाटा एका टोकाच्या छोट्या वेटोळ्यात पाठवला जातो; तेथील चिमुकले लोहचुंबक स्प्रिंगला पीळ देते; ती थरथर स्प्रिंगमधून धावत दुसऱ्या टोकाला जाते, तेथून परत फिरते, पुन्हा जाते. एका फेरीला सेकंदाचा सुमारे पंचविसावा किंवा तिसावा भाग लागतो. दोन्ही स्प्रिंगांचे वेळ मुद्दामच वेगळे ठेवलेले असतात, म्हणजे फेऱ्या एकमेकींत मिसळून जातात आणि कानाला सभागृहाचा भास होतो. दुसऱ्या टोकाचे वेटोळे त्या थरथरीचे पुन्हा विजेत रूपांतर करते. ही वीज फारच क्षीण असते. तिला वाढवून मूळ आवाजात किती मिसळायची, हे ते जास्तीचे बटण ठरवते. ही युक्ती अमेरिकेतल्या लॉरेन्स हॅमंड यांनी आपल्या विजेच्या ऑर्गनसाठी वापरात आणली, कारण चर्चमध्ये घुमणारा ऑर्गन गालिचे अंथरलेल्या घरात कोरडा वाजे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ती गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आली.

हे सगळे आम्हांला नंतर कळले. त्या वर्षीच्या २६ जानेवारीला एवढेच कळले, की बटण फिरवले आणि काहीच झाले नाही.

कार्यक्रम अक्कलकुव्याला मैदानात होता. काळी-पिवळी जीपमधून सामान नेले. अ‍ॅम्प्लिफायर जड असल्यामुळे तो नेहमी एकच मुलगा उतरवीत असे. तो आमच्याहून एक वर्ग खाली होता, मोलगीच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरचा, अंगाने काटक. घरची बोली भिली. मराठी वर्गात वाचण्यापुरती यायची, भांडण्यापुरती यायची नाही. बासरी तोच वाजवीत असे, आणि ती स्वतः बांबूला भोके पाडून केलेली असे. जीपच्या पायरीवरून उतरताना त्याचा पाय घसरला. अ‍ॅम्प्लिफायरचा एक कोपरा जमिनीला लागला. आम्ही चौघांनी ते पाहिले. अर्ध्या तासाने मांडणी झाली, गिटार जोडली, रिव्हर्बचे बटण शेवटपर्यंत फिरवले, आणि आवाज तसाच कोरडा राहिला. थोडी फुसफुस वाढली, इतकेच.

निष्कर्ष काढायला आम्हांला वेळ लागला नाही. कोणी तरी म्हणाले, “पाडलास ना!” तो म्हणाला, “पडला नाही. टेकला.” आम्हांला वाटले, याला शब्द सुचत नाही. कोपऱ्यावर नवा ओरखडा दिसत होता. त्याचा गुडघा सोलून निघाला होता तो मात्र संध्याकाळी वसतिगृहाच्या मावशींनी हळद लावली तेव्हा कळला, आणि तरीही त्याचा अर्थ आमच्या ध्यानात आला नाही.

सर त्या दिवसांत आजारी होते. उपचारासाठी धुळ्याला राहिले होते. त्यांच्या मागे आम्ही यंत्राची दुरुस्ती आरंभली. मागची फळी काढून दिसतील ते सर्व स्क्रू पिळले. बटणाच्या फटीत रॉकेलचे दोन थेंब सोडले. एका रविवारी बाजारातल्या एका कारागिराला यंत्र दाखवले. त्याने विचारले, “पडले होते का?” आम्ही एका सुरात हो म्हणालो. मग तो म्हणाला, आतली स्प्रिंग तुटली असणार, नवी पेटी मुंबईहून आणावी लागेल. त्याने ना पेटी उघडली, ना मीटर लावला. त्याचे निदान आमच्याच तोंडून निघाले होते आणि ते त्याच्या तोंडून परत ऐकल्यावर आम्हांला पुरावा मिळाल्यासारखे वाटले. शाळेला खर्चात पाडले, हे वाक्य मग जेवणाच्या पंगतीत, नळावर, झोपायच्या खोलीत फिरू लागले. ते आम्हीच फिरवले, असे म्हणणे जास्त खरे ठरेल. तो मुलगा सरावाला यायचा थांबला. सुटीच्या वेळी बासरी घेऊन महूच्या झाडाखाली बसे, पण वाजवीत नसे. होळीला बहुतेक मुले घरी जातात, काठीची होळी पाहून परततात. तो चार दिवस उशिरा परतला, तेव्हा आता हा शाळा सोडणार की काय, अशी चर्चा झाली.

सर परत आले ते मार्चच्या अखेरीस. अंगाने निम्मे झाले होते आणि हातांना कंप होता. आम्ही त्यांना सर्व हकिगत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: “२६ जानेवारीच्या आधी हे बटण शेवटचे कोणी फिरवले होते, आणि कधी?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. जूनपासून दिवाळीपर्यंत पावसामुळे अ‍ॅम्प्लिफायर कोठीच्या खोलीत होता. दिवाळीनंतरचा सारा सराव, ६ डिसेंबरचा कार्यक्रमसुद्धा, सभागृहात झाला. सभागृहाला पत्र्याचे छप्पर आणि शहाबादी फरशी. तेथे आवाज मुळातच इतका घुमतो की रिव्हर्बचे बटण आम्ही शून्यावरच ठेवत असू. म्हणजे जूनपासून जानेवारीपर्यंत कोणीही ते बटण फिरवले नव्हते. रिव्हर्ब त्या दिवशी बंद पडला, हे आम्हांला कोठून कळले? तो बंद आहे, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले होते. या दोन वाक्यांतले अंतर आम्ही दोन महिने पाहिले नव्हते.

सरांनी फळा पुसला आणि त्यावर एक रेघ ओढली. गिटारपासून निघालेला आवाज पेटीकडे नेणारा भाग, मग पेटी, मग पेटीतून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग, शेवटी बटण. ते म्हणाले, “बिघाड या रेघेवर कुठे तरी आहे. सगळी रेघ चाचपत बसू नका. मधोमध उभे राहा आणि विचारा, तू माझ्या पुढे आहेस की मागे?”

पहिली गोष्ट आम्हांला आधीच ठाऊक होती. बटण शून्यावर असताना गिटार स्वच्छ वाजत होती. म्हणजे वीजपुरवठा, मुख्य भाग आणि स्पीकर हे सगळे निर्दोष. दुसरी चाचणी सरांनी तळहाताने केली. रिव्हर्बचे बटण अर्ध्यावर नेऊन त्यांनी पेटाऱ्याच्या बाजूवर हलकी थाप मारली. धड असलेल्या यंत्रात अशा थापेने स्प्रिंगा हलतात आणि स्पीकरमधून ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. तसा तो आला असता, तर पेटीचे दुसरे टोक आणि त्यापुढचे सगळे ठीक आहे आणि दोष स्प्रिंगांना थरथर पुरवणाऱ्या अलीकडच्या भागात आहे, असे ठरले असते. आवाज आला नाही. म्हणजे अलीकडचे काहीही असो, स्प्रिंगांच्या पलीकडे तरी कोठे वाट अडली होती.

तिसरी चाचणी पलीकडच्या अर्ध्या रेघेची. पेटीच्या बाहेर येणाऱ्या टोकाची पिन सरांनी पेटीतून उपसून काढली, आवाज कमी केला, आणि वायरच्या त्या मोकळ्या पिनच्या मधल्या टोकाला बोट लावायला सांगितले. स्पीकर ‘घूं’ करून गुणगुणला. आम्ही दचकलो; सर मात्र समाधानाने मागे टेकले. त्या एका गुणगुणण्याने वायर, आवाज वाढवणारा भाग आणि बटण, तिघेही निर्दोष सुटले. बटणात रॉकेल घालण्याची गरज नव्हती, हेही त्यातच आले. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ही पिन क्षीण विजेची असते आणि ती यंत्राच्या बाहेरच्या बाजूने काढता येते, म्हणून तिला बोट लावता आले. वीज चालू असताना यंत्राच्या आत हात घालणे सर्वथा वर्ज्य. आणि जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर वीज बंद केल्यावरही जीव घेण्याइतकी वीज साठून राहते. तो जाणकारानेच उघडावा.

आता रेघेवर एकच जागा उरली होती. वीज बंद करून, बोर्डातून पिन काढून आम्ही पेटी सोडवली. सरांनी मीटर काढला. त्यांच्या वहीत मुंबईच्या कारागिराने लिहून दिलेले दोन आकडे होते: आत जाणाऱ्या वेटोळ्याचा रोध एका ओहमच्या आसपास, बाहेर येणाऱ्याचा सुमारे दोनशे ओहम. पहिल्या टोकाला मीटरचा काटा जवळजवळ शून्यापर्यंत गेला. ते ठीक होते. दुसऱ्या टोकाला काटा जागचा हललाच नाही. वाट तुटलेली होती.

पेटीचे झाकणाचे पुठ्ठे काढले. दोन्ही स्प्रिंगा जागच्या जागी, सरळ, अखंड होत्या. केसाएवढी बारीक तांब्याची तार वेटोळ्यापासून पिनच्या कानापर्यंत येत होती, ती त्या कानापाशी तुटली होती. सरांनी भिंग लावून पाहिले आणि भिंग आमच्या हातात दिले. तुटल्या जागी तांबे उजळ दिसत नव्हते. तेथे हिरवट पूड धरली होती. कानावर, पत्र्याच्या त्या कोपऱ्यावरही तीच हिरवी झाक आणि पाणी सुकल्याची पांढुरकी रेषा. ताजा तुटलेला तांब्याचा धागा चकाकतो. हा ओलीने, महिनोन्‌महिने, हळूहळू खाल्ला गेला होता.

मग सरांनी कोठीची सामान-नोंदवही मागवली. पावसाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवायचा अशी सूचना तिच्यात पहिल्याच पानावर होती. सरांनी बोटाने जूनची ओळ दाखवली. सामान ठेवणाऱ्यांच्या रकान्यात आमच्यापैकी दोघांच्या सह्या होत्या. फळीवर त्या दिवशी गाद्या रचल्या होत्या. आम्ही यंत्र खाली, ओल येणाऱ्या उत्तरेच्या भिंतीला लावून ठेवले होते. चार महिन्यांचा सातपुड्याचा पाऊस त्या भिंतीतून झिरपत होता. सर रागावले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “त्याला बोलवा. माझा हात थरथरतो. हे काम त्याच्या हाताचे आहे.”

बोलवायला आमच्यातलाच एक गेला. काय सांगून बोलावले, हे त्याने आम्हांला कधी सांगितले नाही. तो आला, दाराशी उभा राहिला, आणि सरांनी जवळ बसायला खूण केल्यावर बसला. बांबूला तापल्या सळईने नेमक्या जागी भोके पाडणारे ते हात होते. सर सांगत गेले आणि तो करीत गेला. ब्लेडच्या पाठीने तारेवरचे लाखेसारखे लेपण अलगद खरवडले. पिनचा कान घासून उजळ केला. तार कानापर्यंत पुरत नव्हती, म्हणून लवचीक वायरीतला एक धागा घेऊन दोघांमध्ये पूल केला. सोल्डरिंगचा खिळा त्याने तारेला टेकवला न टेकवला तोच उचलला, कारण जास्त तापले तर वेटोळेच जाते. कथलाचा थेंब मोहरीएवढा, चकचकीत बसला. मीटर लावला. काटा दोनशेच्या किंचित अलीकडे येऊन थांबला. कोणी काही बोलले नाही. स्वतः मीटर धरलेल्या त्या मुलाने काटा दोनदा पाहिला, पिना काढून पुन्हा लावल्या, तिसऱ्यांदा पाहिला.

पेटी परत बसवतानाही सरांनी दोन गोष्टी शिकवल्या. आम्ही जानेवारीत सगळे स्क्रू पिळले होते, त्यात पेटीचेही आवळून टाकले होते. ती पेटी रबरी तुकड्यांवर सैल बसली पाहिजे. नाहीतर स्पीकरची धडधड थेट स्प्रिंगांत शिरते आणि आवाज वाढवताच यंत्र हंबरू लागते. दुसरे, पेटीचे बाहेर येणारे टोक ट्रान्सफॉर्मरजवळ आले की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे सतत गुणगुण ऐकू येते. सरांनी पेटी टोकांची अदलाबदल करून ठेवायला लावली आणि गुणगुण निम्म्याहून कमी झाली. ज्यांच्या घरी किंवा मंडळाकडे असा अ‍ॅम्प्लिफायर असेल, त्यांच्यासाठी हा क्रम येथे नोंदवून ठेवतो: आधी बटण, मग थाप, मग पिन, मग मीटर. नवी पेटी आणायचा विचार त्यानंतर. बहुतेक वेळा दोष दहा रुपयांच्या वायरीत किंवा एका सुटलेल्या डागात निघतो.

संध्याकाळी गिटार जोडली. सभागृहात नव्हे, बाहेर अंगणात, जेथे काहीच घुमत नाही. सरांनी नख्या चढवल्या, दांडी तारेवर ठेवली आणि एकच स्वर खालून वर ओढला. बटणापाशी तो बसला होता. स्वर थांबला आणि रेंगाळला. रस्त्यावरून जाणारी एक मालमोटार निघून जाईपर्यंत सर थांबले आणि त्यांनी तोच स्वर पुन्हा वाजवला.

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात गिटार वाजली आणि तिच्याबरोबर बासरीही वाजली. पालकांनी आणि गावकऱ्यांनी ते ऐकले. त्यामागे काय घडले होते हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते, कारण आम्ही जसे दोषाचे वाक्य पंगतीत फिरवले होते, तसे निर्दोषाचे फिरवले नाही. “चल, सराव आहे,” एवढेच आम्ही त्याला म्हणालो आणि तो आला. त्याच्या येण्यालाच आम्ही क्षमा समजलो. क्षमा मागितल्यावाचून मिळाली असे मानणे आमच्या सोयीचे होते. ज्याच्याजवळ आपली बाजू मांडण्यापुरती मराठी नव्हती, त्याच्यावरच दोष इतक्या सहज का बसला, हाही विचार आम्ही फार उशिरा केला. तो त्या मैदानात आमच्याहून नेमके बोलला होता. वाकड्या पायरीवरून घसरताना त्याने यंत्राचा भार गुडघ्यावर झेलला आणि कोपरा हलकेच जमिनीला लावला. त्या कृतीला मराठीत जो शब्द आहे, तोच त्याने वापरला होता.

सर आता नाहीत. तो सोबती पुढे आयटीआयला गेला, आणि विजेचेच काम करतो. अ‍ॅम्प्लिफायर अजून शाळेत आहे. कीबोर्ड आणि मिक्सर आल्यापासून त्याला कोणी हलवीत नाही. गेल्या वर्षी आम्ही शाळेत गेलो होतो, तेव्हा तो फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवलेला दिसला. आम्ही बटण अर्ध्यावर नेऊन बाजूवर थाप मारली. स्प्रिंगा गडगडल्या. त्याने दिलेला डाग अजून शाबूत आहे.

ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या घरोघर जाणार आहे, म्हणजे ती त्याच्याही घरी जाईल. तेव्हा जे पंगतीत सांगायला हवे होते, ते येथे सर्वांसमक्ष सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर आम्ही ओलीत ठेवला होता, म्हणून बिघडला. तो त्याने पाडला नव्हता. पडला नाही, टेकला.